पदं कशी आहेत? (नव्या संगीत नाटकाला प्रेक्षक कोण आणतं, याचा एक बडोदेकरी हिशेब)



बडोद्याबद्दलची एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगितली की ते हमखास चकित होतात. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग पुण्यात झाला नाही आणि मुंबईतही झाला नाही. तो आपल्या बडोद्यात झाला, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, आणि केला गंधर्व नाटक मंडळीने. गडकरी त्याआधी अठ्ठावीस दिवस, २३ जानेवारीला, सावनेरला वारले होते. वय तेहेतीस. आपलं हे नाटक रंगभूमीवर आलेलं त्यांनी पाहिलंच नाही. त्यातली पदंसुद्धा त्यांच्या हातची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली.

आता जरा विचार करा. त्या रात्री जी माणसं तिकीट काढून बसली, ती काय वाचून आली असतील? पहिलाच प्रयोग, म्हणजे परीक्षण छापून यायचा प्रश्नच नाही. नाटककाराचं नाव मोठं होतं, पण तो गेलेला. विषय दारूचा. आणि ज्यांच्यासाठी लोक यायचे ते बालगंधर्व यात शालू-दागिन्यांत नव्हते. ‘मानापमान’मधली भामिनी आणि ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी डोळ्यांत साठवलेल्या प्रेक्षकांपुढे ते ठिगळाचं लुगडं नेसून, दळण दळणारी सिंधू होऊन आले. व्यापाराच्या भाषेत सांगायचं तर मंडळीने आपला सगळ्यात खपणारा माल गोदामात ठेवला आणि नवाच माल दुकानात मांडला.

तो खपला, हे सगळ्यांना माहीत आहे. कसा खपला, हे मला आजीकडून कळलं.

आजी तेव्हा लग्न होऊन नुकतीच दांडिया बाजारातल्या वाड्यात आली होती. ती सांगायची, पहिल्या खेळाला पुरुष मंडळी गेली. रात्री उशिरा परतली ती गप्प. सकाळी आजेसासऱ्यांनी चहा घेता घेता एवढंच म्हटलं, "बायकांना दाखवायला हवं." मग नळावर, देवळात, शेजारच्या पोळीत, जिथे चार बायका जमतील तिथे सिंधूच्या लुगड्याची चर्चा. ठिगळ कुठे होतं, कोणत्या रंगाचं होतं, इथपर्यंत. आजी म्हणायची, "आम्ही गेलो तोवर निम्मं नाटक आम्हाला पाठ झालं होतं, तरी रडलो." तिने त्या नाटकावरचं परीक्षण आयुष्यात वाचलं नाही. वाड्यात तेव्हा वाचणाऱ्या बायका दोन, आणि वर्तमानपत्र ओसरीवरून माजघरात येईपर्यंत त्याची पुडी झालेली असायची.

हे फक्त आमच्याच घरातलं असं कोणी समजू नये. ही त्या काळाची व्यवस्थाच होती, आणि मला वाटतं ती नीट समजून घेतल्याशिवाय परीक्षणाने नाटक चालतं की नाही या वादाला अर्थ नाही.

नाटक मंडळी तेव्हा गावोगाव मुक्काम करायची. मुक्काम म्हणजे एक रात्र नव्हे. महिना, दोन महिने. सगळं बिऱ्हाड बरोबर: नट, वाजवणारे, पडदे रंगवणारे, आचारी, कपडेपटवाले, त्यांच्या पेट्या, भांडीकुंडी. आठवड्यातून दोन-तीन खेळ. बडोद्याला तर गंधर्व मंडळीला सयाजीराव महाराजांचा राजाश्रयच होता. अशा मुक्कामात पहिल्या खेळाला गर्दी झाली की नाही याला फार महत्त्व नसे. पहिल्या खेळाला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय बोलतो, याला महत्त्व. त्या बोलण्याला पसरायला वेळ मिळे. शनिवारचं नाटक मंगळवारपर्यंत मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंत पोचलेलं असे आणि बुधवारचा खेळ त्यावर भरे. पडला तर तोही त्यावरच पडे.

या हिशेबात परीक्षण बसतं कुठे? पुण्याच्या साप्ताहिकात नाटकावर लेख यायचा तोवर मंडळी पुणं सोडून नागपूरच्या किंवा इंदूरच्या गाडीत बसलेली. इंदूरचा माणूस तो अंक वाचेपर्यंत इंदुरात चार खेळ होऊन गेलेले. म्हणजे परीक्षण आणि मंडळी यांची चुकामूक ठरलेलीच.

थोडं मागे जाऊ, कारण या गोष्टीचं मूळ तिथे आहे आणि त्यातही बडोदं आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आलं. (अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावकर वाचकांनी कॉलर ताठ करावी.) मराठी संगीत नाटकाची घडी इथून बसली असं आपण मानतो. म्हणजे त्या दिवशीच्या प्रेक्षकाला हा प्रकार पूर्ण नवा होता, नटाने स्वतः संवाद बोलायचा आणि स्वतःच गायचं, सूत्रधाराने मागे उभं राहून नव्हे. मग तो बिचकला का नाही? माझं उत्तर असं की अण्णासाहेबांनी नव्या पेटीत जुना ऐवज ठेवला होता. गोष्ट कालिदासाची, सगळ्यांना ठाऊक. चाली बहुतेक कीर्तनातल्या, साकी-दिंडीच्या, लावणीच्या, बायकांच्या गाण्यांच्या. दोनशेच्या घरात पदं, पण कानाला परकं असं थोडंच. प्रेक्षकाचा कान आधीच आत जाऊन बसलेला होता, माणूस मागून आला.

दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, ‘सौभद्र’. आणि त्यातली सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर, लोकांचा भावड्या, मूळचा बडोद्याचा. इथून पुण्याला गेलेला हा पोरगा गळ्यावर महाराष्ट्र फिरवून आला. पुढची वीस वर्षं किर्लोस्कर मंडळीचा डोलारा बराचसा त्याच्या गळ्यावर उभा होता.

भाऊरावांसाठी कोणाला परीक्षण लिहावं लागलं नाही. उलट लिहिणाऱ्यांनाच भाऊराव लागले. त्या काळच्या ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या मासिकांतून नाटकांवर लांबलचक लेख यायचे. आज वाचताना मला त्यांचं कौतुक वाटतं, आणि थोडं हसूही येतं. कथानक संभवनीय आहे का, पात्राचं वर्तन नीतीला धरून आहे का, कोणता रस प्रधान, भाषेत व्याकरणाच्या चुका किती, हे सगळं पानोपानी. चालींवर मात्र चार ओळी. ज्यासाठी लोक रात्रभर जागत होते, त्याच्याबद्दल लिहिणारा गप्प. मला वाटतं त्यांचा नाइलाज असावा. नाटक पुस्तक म्हणून वाचता येत होतं, पण चाल कागदावर कशी लिहिणार?

याच मासिकात ‘विक्रमशशिकला’ नावाच्या नाटकावर टीका लिहून श्रीपाद कृष्ण कोल्हटकर पुढे आले. वकील माणूस, बुद्धी तल्लख, लेखणीला धार. आणि मग या टीकाकाराने स्वतःच नाटक लिहिलं, ‘वीरतनय’, किर्लोस्कर मंडळीने १८९६ मध्ये आणलेलं. गंमत अशी की कोल्हटकरांनी पुराणातली माहितीची गोष्ट टाकली आणि कल्पित कथानक घेतलं, म्हणजे प्रेक्षकाच्या हातातली एक काठी काढून घेतली. पण दुसरी दिली. पारशी रंगभूमीच्या उडत्या, ठेकेदार चाली घेतल्या. इथे आमच्या गुजरातेत तर त्या चाली रस्त्यात ऐकू यायच्या. टीकाकार म्हणून नाटकाला नियम लावणारा हा माणूस नाटककार झाल्यावर आधी कुठे गेला? चालींकडे. हे मला फार बोलकं वाटतं.

आणि ते एकटेच नव्हेत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ‘केसरी’तले, पुढे ‘नवाकाळ’ काढणारे. मो. ग. रांगणेकर नाटककार होण्याआधी पत्रकार. विद्याधर गोखले ‘लोकसत्ता’तले. मराठी संगीत नाटकाला वेळोवेळी ज्यांनी नवा श्वास दिला त्यांतले इतके जण छापखान्याची शाई बोटांना लागलेले. मनात आणतं तर आपल्या नाटकाची हवी तेवढी स्तुती हे लोक छापून आणू शकले असते. पण भिस्त कशावर ठेवली? खाडिलकरांनी ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांना गाठलं. टेंब्यांनी पूरबी ठुमरी-गझलांच्या वळणाच्या चाली दिल्या, आणि १९११ नंतर त्या चाली घराघरांतल्या पेट्यांवर वाजू लागल्या. ‘स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. भास्करबुवांची तालीम झाली ती बडोद्यात, फैजमहंमदखाँसाहेबांकडे. म्हणजे रुक्मिणी गायली त्यात थोडं बडोदं होतंच.

लिहून आल्यामुळे ज्या नाटकाचं नशीब खरोखर बदललं असं एक नाटक मला ठाऊक आहे, पण ते संगीत नव्हे. खाडिलकरांचं ‘कीचकवध’, १९०७ चं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षक मनातल्या मनात समजून टाळ्या वाजवत होते. लंडनच्या टाइम्समध्ये त्यावर सविस्तर लिहून आलं आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. इतका बारकाईने वाचलेला लेख दुसऱ्या कुठल्या मराठी नाटकाला लाभला नसेल. त्या बंदीनंतरच्या वर्षीच खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं. त्यातली पदं गुणगुणणाऱ्याला पकडायला सरकारकडे कलम नव्हतं.

बोलपट आले आणि हे सगळं ढासळलं, ती गोष्ट सर्वांना माहीत आहे, लांबवत नाही. बँकेतल्या माणसाला त्यात दुसरंही कारण दिसतं. गंधर्व मंडळीने ‘द्रौपदी’च्या वेळी, १९२० मध्ये, नेपथ्यावर आणि कपड्यांवर इतका पैसा ओतला की मंडळी कर्जात बुडाली. कौतुक सगळ्यांनी केलं. कौतुक जमेच्या बाजूला मांडता येत नाही.

पण १९३३ ची एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण परीक्षणांच्या बाजूने बोलणारे तिचं उदाहरण देतात आणि विरुद्ध बोलणारेही देतात. ‘आंधळ्यांची शाळा’. १ जुलै १९३३, मुंबई. श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककारावरून बेतलेलं, ‘नाट्यमन्वंतर’ या नव्या संस्थेचं नाटक. केशवराव दात्यांचं दिग्दर्शन, केशवराव भोळ्यांचं संगीत, ज्योत्स्नाबाई भोळे रंगभूमीवर. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच केलेली, पदं मोजकी, घरातल्यासारखं बोलणं. जाणत्या लोकांनी डोक्यावर घेतलं. मराठी रंगभूमीच्या कुठल्याही इतिहासात या नाटकाला मानाचं पान आहे, आणि ते योग्यच आहे. पण संस्था? ती थोड्याच वर्षांत बंद पडली. स्तुती करणारा वर्ग शहाणा होता, पण तिकीटखिडकीवर पुरेल एवढा नव्हता. उरलेल्या प्रेक्षकाला शंभर पदांची सवय. त्याला वाटलं, हे काय, गाणं सुरू झालं आणि संपलं!

नऊ वर्षांनी, १९४२ मध्ये, रांगणेकरांनी ‘कुलवधू’ आणलं. प्रकार जवळजवळ तोच: घरगुती विषय, मोजकी पदं, आटोपशीर वेळ, ज्योत्स्नाबाईच. पण आता मधल्या वर्षांत बोलपटांनी प्रेक्षकाला तीन मिनिटांच्या गाण्याची सवय लावली होती. त्याशिवाय मास्तर कृष्णरावांच्या चाली अशा की नाटक न पाहिलेल्या घरातही भूपाळीसारख्या म्हटल्या जात. ‘कुलवधू’ चाललं, चांगलंच चाललं. १९३३ च्या जाणकारांनी जे चांगलं म्हटलं ते १९४२ च्या गर्दीला चांगलं वाटलं. मग परीक्षणांचा उपयोग झाला की नाही झाला? मी म्हणेन, झाला. पण तो ज्या नाटकाबद्दल लिहिलं त्याला न होता त्याच्या धाकट्या भावंडाला झाला. बियाणं एकाच्या शेतात पडलं, पीक दुसऱ्याने काढलं. पहिल्या शेतकऱ्याला ह्याने काय समाधान मिळणार, हा भाग वेगळा.

माझ्या पिढीचं संगीत नाटक म्हणजे त्यानंतरचं. विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’ १९६० चं, वसंत देसायांच्या चाली. ‘मत्स्यगंधा’ १९६४, गोवा हिंदू असोसिएशनचं, अभिषेकीबुवांचं संगीत. अभिषेकीबुवा, रामदास कामत, आशालता, सगळे गोव्याचे, तेव्हा गोवेकर वाचकांनी बेळगावकरांएवढीच कॉलर ताठ करावी. डिसेंबर १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’.

ही नाटकं बडोद्यात आमच्यापर्यंत प्रथम कशी आली? रेडिओवरून. मुंबई केंद्र इथे बरं लागायचं, पुणं खरखरत. नाट्यसंगीताचा कार्यक्रम लागला की वडील हातातलं काम टाकत. नंतर तबकड्या आल्या. मी कॉलेजात होतो तेव्हा आमच्या गल्लीत एकाच घरी रेकॉर्ड प्लेयर होता आणि त्या घरच्या खिडकीखाली उभं राहून मी ‘कट्यार’ची सगळी पदं ऐकली. नाटक पाहिलं ते कितीतरी नंतर, बँकेच्या प्रशिक्षणाला मुंबईला गेलो तेव्हा दादरच्या शिवाजी मंदिरात. वसंतराव देशपांडे खाँसाहेब. लष्कराच्या हिशेब खात्यात खर्डेघाशी केलेला माणूस असा गातो, हे पाहून आम्हा कारकुनांची छाती उगाचच फुगली. तिकीट काढताना मी परीक्षण शोधलं नाही. मी आधीच विकला गेलो होतो, खिडकीखाली उभा असतानाच.

परीक्षणं मी वाचत होतो, आवडीने वाचत होतो. मुंबईची वर्तमानपत्रं इथे मिळत, साप्ताहिकंही. माधव मनोहरांचं लेखन कोणी सोडत नसे. कुठल्या नाटकाचं मूळ कुठल्या इंग्रजी नाटकात आहे ते हा माणूस असं काढून दाखवायचा की आमच्या शाखेतल्या इन्स्पेक्टरची आठवण यावी. पण आम्ही ते वाचायचो नाटक पाहून आल्यावर. आपलं मत आणि त्यांचं मत ताडून पाहायला, जुळलं तर खूश व्हायला, नाही जुळलं तर चहावर भांडायला. पुढे जायचं की नाही हे त्यावर ठरत नसे.

मग परीक्षणं वाचून निर्णय कोण घेत होतं? याचं उत्तर मला आमच्या मंडळाचा खजिनदार झाल्यावर मिळालं.

मुक्कामाची पद्धत संपली होती. नाटक आता एका रात्रीसाठी येतं. बस रात्री निघते, सकाळी पोचते, संध्याकाळी प्रयोग, रात्री परत. आम्ही प्रयोग विकत घ्यायचा: कलाकारांच्या नाईट, बस, उतरण्याची सोय, गांधी नगरगृहाचं भाडं, सगळा आकडा आधी ठरलेला. तिकिटं खपली नाहीत तर खड्डा मंडळाचा. म्हणजे आता पहिला खेळ हाच शेवटचा खेळ. सोमवारी सकाळी सगळं बडोदं "अहो, काय सुंदर नाटक होतं" म्हणत असलं तरी उपयोग शून्य, कारण नाटक रविवारीच भरूच ओलांडून गेलेलं असतं. आजीच्या वेळी नळावरच्या गप्पांनी जे काम केलं, त्याला आता वेळच उरला नाही.

या नव्या व्यवस्थेत परीक्षणाला पहिल्यांदा खरं गिऱ्हाईक मिळालं, आणि ते म्हणजे आम्ही, कमिटीतले पाच-सात लोक. जोखीम आमची, नाटक पाहायला मुंबईला जाणं दरवेळी शक्य नाही, मग कात्रणावर विश्वास. बँकेत कर्जाच्या अर्जाला जामीनदाराची सही लागते ना, तसं ते कात्रण. बडोदं, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, जिथे जिथे आपली मंडळं आहेत तिथे हे असंच चालत असणार. तुम्हीच सांगा.

जामिनावर कर्ज मंजूर होतं. परतफेड होतेच असं नाही. एका वर्षी, नाटकाचं नाव सांगत नाही, एक नवं संगीत नाटक अशाच उत्तम कात्रणांच्या जोरावर आलं. लेखन कसदार, गळे तयार, खोट काढायला जागा नाही. मी तिकीटविक्रीच्या टेबलावर बसायचो. येणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारी, "पदं कुठली आहेत?" आणि पदांतलं एकही कोणी ऐकलेलं नव्हतं. रेडिओवर नाही, कॅसेट निघाली नव्हती. कात्रण पुढे केलं की ते चष्मा लावून वाचत, मान डोलावत, आणि "बघतो" म्हणून जात. नाट्यगृह निम्मं रिकामं. जे आले ते मात्र भारावून गेले, प्रयोग संपल्यावर उठायला तयार नव्हते. त्यांतल्या एका गुजराती शेजाऱ्यांनी मला बाहेर गाठलं आणि म्हणाले, "साहेब, हे गाणं आधी ऐकवलं असतं ना, तर मी चार तिकिटं घेतली असती." तो तोटा भरून काढायला मंडळाला दोन वर्षं लागली, आणि त्यानंतर कितीतरी काळ ‘नवं संगीत’ हा शब्द बैठकीत काढायची सोय राहिली नाही. दर वर्षी ‘सौभद्र’ नाहीतर ‘कट्यार’. माझा जीव त्यात तुटायचा. नवं नाटक आलं नाही तर दहा वर्षांनी जुनं कुठून आणणार?

म्हणून ‘संगीत देवबाभळी’चं मला विशेष वाटलं. प्राजक्त देशमुखांचं, एकांकिकेतून वाढलेलं, २०१७ च्या डिसेंबरात व्यावसायिक रंगभूमीवर आलेलं. दोनच पात्रं, तुकोबांची आवली आणि लखूबाईच्या रूपात आलेली रुक्मिणी. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी, दोघी तेव्हा प्रेक्षकाला अनोळखी. वरवर पाहता कुठलंही मंडळ अशा नाटकाला हात लावायला कचरेल. परीक्षणं अत्यंत चांगली आली, पारितोषिकं मिळाली, पुढे लेखकाला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पाचशे प्रयोग झाले. परीक्षणांनी केलं का हे? दार उघडलं, हे नक्की. पण मला त्यात अण्णासाहेबांचीच युक्ती दिसते. विठ्ठल, इंद्रायणी, आवलीची चिडचिड, अभंगाचं वळण, हे प्रत्येक मराठी घरात आधीपासूनच आहे. आनंद ओकांच्या चाली नव्या, तरी पहिल्या ओळीला कान ओळख दाखवतो. शिवाय त्यातली पदं लोकांनी एकमेकांना फोनवर पाठवली. माझ्या सुनेने मला पाठवलं, मी इंदूरच्या बहिणीला पाठवलं. हे नळावरचंच बोलणं झालं, फक्त नळ बदलला. मुक्काम गेल्यावर जो वेळ आपण हरवला होता तो असा थोडासा परत मिळाला.

सध्या आमच्या कमिटीपुढे एका नव्या संगीत नाटकाचा प्रस्ताव आहे. तरुण सभासदांनी कात्रणं आणली. मी म्हटलं, कात्रणं फाइलला लावा, आपल्याला जामीन मिळाला. आता निर्मात्यांकडून दोन पदं मागवा आणि तीन आठवडे सगळ्या घरांत वाजू द्या. गणपतीत मंडपात वाजवा. मग तिकीट काढायला टेबल मांडू.

परीक्षण लिहिणाऱ्यांवर मी अन्याय करतोय असं कोणाला वाटेल, तर एक गोष्ट सांगतो. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये. एका वर्षाने चुकलं. ज्या गळ्यावर किर्लोस्कर मंडळी उभी होती, त्याचा एक सूरही आज कुठे नाही. तो आवाज कसा होता, सुभद्रा म्हणून ते कसे उभे राहत, लोक कुठे थांबवून पुन्हा म्हणायला लावत, हे आपल्याला कळतं ते केवळ ज्यांनी पाहिलं-ऐकलं आणि लिहून ठेवलं त्यांच्यामुळे. त्या लिखाणाने १८८२ च्या प्रेक्षकाला खुर्चीत आणलं नसेल. मला मात्र आणलं, सव्वाशे वर्षं उशिरा, आणि तिकीट न काढता.

आता एक विनंती. पूर्वी नाट्यगृहाच्या दाराशी नाटकातल्या पदांची छोटी पुस्तकं थोड्या आण्यांत मिळत. आमच्या वाड्यात ‘एकच प्याला’चं होतं, दर दिवाळीच्या साफसफाईत दिसायचं आणि एका दिवाळीनंतर दिसेनासं झालं. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत अशी पुस्तकं, जुन्या जाहिराती, तिकिटांचे तुकडे, किंवा आजी-आजोबांच्या वहीत उतरवून घेतलेली पदं असतील, तर फोटो काढून खाली टाका. कोणत्या गावी, कोणत्या थिएटरात, साधारण कोणत्या साली, एवढं बरोबर लिहा. बेळगावच्या आणि ग्वाल्हेरच्या मंडळींकडे पुष्कळ असणार, अशी माझी खात्री आहे. कडांना वाळवी लागलेली असली तरी चालेल.